ग्रहणात चिरलेली बिही

रायपूरला काय काय बघितलंस, असं परत आल्यापासून जो भेटेल तो विचारतो. "एक डोळा बघितला," असं मी सांगते, आणि माणसं घाईघाईनं हवापाण्याकडे वळतात. त्यांचंही बरोबर आहे. गेली कित्येक वर्षं मी पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत उंदरांच्या गर्भातले डोळे कसे घडतात ते बघत बसले आहे. आमच्या सांगलीकडच्या नातेवाइकांच्या मते एवढं शिकून उंदराचे डोळे बघणं हे घराण्याला लागलेलं ग्रहणच. म्हणून रायपूरच्या एका छोट्या मराठी मंडळानं संक्रांतीच्या व्याख्यानाला बोलावलं, तेव्हा मी आढेवेढेसुद्धा न घेता पहिल्याच फोनला हो म्हटलं.

माझ्या व्याख्यानाचा विषय होता, "दृष्टिपटलाच्या घडणीत अधिजनुकीय खुणांची भूमिका". मंडळाचे सचिव मुकुंदराव चांदूरकर विमानतळावर घ्यायला आले होते. त्यांच्याबरोबर शंकर नगरात शिरलो तर चौकात फ्लेक्स. त्यावर माझा जुना फोटो, शेजारी कुठल्या तरी परदेशी बाळाचे निळे डोळे, आणि खाली ठळक अक्षरांत, "गर्भसंस्कारातून तेजस्वी डोळे! पुण्याच्या शास्त्रज्ञ सांगतील गुपित. हळदीकुंकू व तिळगूळ."

"हे काय?" मी विचारलं.

"तुमचं नाव लय अवघड होतं ना मॅडम, विषयाचं," मुकुंदराव म्हणाले. "आमी जरा सोपं करून राहिलो. लोकं आले पायजेत ना?"

एवढं बोलून ते गाडीतून उतरले आणि फ्लेक्सच्या खाली आलेल्या बांबूला त्यांचं कपाळ सण्णकन आपटलं. त्यांनी ते सवयीनं चोळलं आणि माझी बॅग उचलली.

शंकर नगर

माझी उतरण्याची सोय त्यांच्याच घरी होती. चांदूरकर भोसल्यांच्या काळात इकडे आले. अजून कुणी विचारलं तर "आमी नागपूरचे" म्हणतात, जसं काही परवाच ट्रंका उतरवल्या. घरात मुकुंदराव, त्यांच्या पत्नी शैलाताई, उरला औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात नोकरीला असलेला मुलगा अनुराग, सून पल्लवी आणि दहा महिन्यांची नात रेवा. शैलाताई बोलतात मराठीत, अनुराग उत्तर देतो हिंदीत, आणि पल्लवी जे वाक्य मराठीत सुरू करते ते हिंदीत नेऊन सोडते. कुणालाच त्यात काही वावगं वाटत नाही.

सकाळी पोह्यांबरोबर जिलबी आली. पोह्यांवर जिलबी बघून मी जरा दचकले. आमच्याकडे पोह्यांवर ओलं खोबरं पडतं, आणि तेवढ्यावरून सासवा-सुनांचं पटेनासं होतं. पण एक घास पोहे आणि एक घास जिलबी असं खाऊन बघितलं आणि मनातल्या मनात सगळ्या पुण्याची माफी मागितली. दुपारी डाळीच्या पिठाचे गोळे घातलेला गोळाभात होता, त्यावर हिंग-मोहरीची कडकडीत फोडणी. शैलाताई वाढायला बसल्या की "पुरे" हा शब्द त्यांच्या कानापर्यंत पोचत नाही.

रेवा तेवढी माझ्या वाट्याला येईना. कायम पल्लवीच्या खांद्यावर, तोंड आत. भुवयांपर्यंत ओढलेलं टोपडं आणि डोळ्यांभोवती काजळाचे एवढे थर, की त्यातून डोळा शोधावा लागावा. मी हात पुढे केले की पल्लवी म्हणायची, "सोने का टाइम है उसका, मावशी." ही पोरगी दिवसभर झोपते कशी, असा मला प्रश्न पडला होता.

संध्याकाळी व्याख्यान. हॉल भरलेला. तेजस्वी डोळ्यांना गिऱ्हाईक पुष्कळ. मी माझ्या परीनं सोपं करून सांगितलं. शरीरातल्या प्रत्येक पेशीत तीच एक पोथी असते. यकृतातही तीच आणि डोळ्याच्या पडद्यातही तीच. मग एकीचं यकृत का होतं आणि दुसरीचा डोळा का? तर पोथीच्या काही पानांना खुणा लावलेल्या असतात, काही पानं शिवून टाकलेली असतात. कुठलं पान कुठं उघडायचं, कधी मिटायचं, हा जो कारभार चालतो त्याचा अभ्यास म्हणजे अधिजनुकशास्त्र. डोळा घडताना हा कारभार फार नेटका चालतो, आणि बहुतेक वेळा बाहेरच्या जगाला विचारून चालत नाही. हे शेवटचं वाक्य मी फार हळू म्हटलं असणार, कारण ते कुणालाच ऐकू गेलं नाही.

व्याख्यान संपल्यावर मुकुंदराव माईक घेऊन उभे राहिले. "म्हणजे मॅडम, आईच्या वागण्याची खूण बाळावर उमटते, हे सायन्सनंबी मान्य केलं, असंच ना?"

मला भूक लागली होती. समोर ताटात तिळाचे लाडू दिसत होते. "काही बाबतीत, काही प्रमाणात, हो," मी म्हटलं.

केवढ्या टाळ्या पडल्या! उंदरांच्या डोळ्यांवर इतकी वर्षं बोलले, पण अशा टाळ्या कधी मिळाल्या नव्हत्या. खोटं कशाला सांगू, बरं वाटलं. त्या टाळ्यांतच शेवटच्या रांगेतून पल्लवी पोरीला घेऊन उठून बाहेर गेली. बाळ रडलं असेल, असं मला वाटलं.

सदर बाजार

दुसऱ्या दिवशी मुकुंदराव मला सदर बाजार दाखवायला घेऊन गेले. परवा रेवाचं बोरन्हाण, तर चांदीचे वाळे घ्यायचे होते. सराफांची दुकानं, कापडाची दुकानं, आणि उरलेल्या जागेत स्कूटर. स्कूटरवर बसलेला माणूस इथं रस्त्यावरूनच सराफाशी भाव करतो आणि मागचे हॉर्न वाजवणारे त्याचा भाव ठरेपर्यंत थांबतात. पुण्यात एव्हाना एकमेकांच्या सात पिढ्या निघाल्या असत्या.

मुकुंदरावांचे मात्र त्या रस्त्यावर हाल होत होते. एका दुकानाच्या लोंबत्या पाटीला डोकं लागलं, मग ताडपत्रीच्या दोरीला, मग सराफाच्या दारातल्या घंटीला. सराफ म्हणाला, "भैया आ गए," आणि आत खुर्ची टाकायला सांगितलं. घंटी कपाळानं वाजवणारं गिऱ्हाईक त्याच्याकडे एकच असावं.

"वर बघून चाला की जरा," मी म्हटलं.

"लहानपणापासून असंच आहे बापा. आई म्हणे, हे पोट्टं आंधळ्यावाणी चालते. ध्यानच नसते माझं."

तिथंच त्यांनी मोठ्या कौतुकानं मोबाईल माझ्यापुढे धरला. मंडळाच्या ग्रुपवर त्यांनी सकाळीच बातमी टाकली होती. "आईच्या चुकीची खूण बाळाच्या डोळ्यावर कायम राहते. पुण्याच्या शास्त्रज्ञांचा निर्वाळा." खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग.

"अहो, मी असं कुठं म्हटलं?" माझा आवाज चढला.

"हो म्हटलं ना तुमी. मी फक्त सोपं केलं."

पुन्हा शंकर नगर

घरी आले तर पल्लवी मागच्या पडवीत बसली होती. रेवाला आंघोळ घातलेली, टोपडं नाही, काजळ धुतलेलं. मला बघून ती उठली नाही. उलट पोरीला माझ्याकडे वळवलं.

"देख लो मावशी. अब क्या छुपाना."

मी बघितलं. बुबुळाच्या मधली काळी बाहुली गोल नव्हती. खालच्या बाजूला तिला चीर गेली होती, कुलपाच्या भोकासारखी. दोन्ही डोळ्यांत. पोरगी त्या डोळ्यांनी माझ्याकडे बघून छान हसली.

"कोजागिरी को ग्रहण था," पल्लवी सांगू लागली. "पाचवा महिना लागला होता मला. वेध लागले, कुछ काटना नहीं, आई बोलल्या होत्या. पर बिही देखी और रहा नहीं गया." बिही म्हणजे पेरू, छत्तीसगडात त्याला हेच नाव. "एकच चिरली. नमक लगाके खाल्ली. आणि हिच्या डोळ्यांना चीर. सबको पता है. फिर भी मैं सोचती थी, साइंसवाले तो कुछ और बोलेंगे. काल तुम्ही बोललात, खुणा राहतात." एवढं बोलून ती रडली नाही, हेच मला सहन होईना.

"डॉक्टरला दाखवलंस?"

"जन्मल्यावर बोले थे, आँख के डॉक्टर को दिखाओ. आई म्हणाल्या, ग्रहणाचं आहे, वर्षात भरून येते. लोगों में बात फैलेगी." तिनं पोरीच्या गालावरून बोट फिरवलं. "मावशी, इसको दिखता तो है ना?"

मी उंदरांची शास्त्रज्ञ. मला माहीत नव्हतं. पण एवढं माहीत होतं, की अशी फट नुसती बाहुलीत नसते. ती आत पडद्यापर्यंत गेलेली असू शकते, आणि पडद्याच्या मधोमध पोचली असेल तर नजर अधू. ते लवकर बघायला हवं होतं, आणि दहा महिने लोक काय म्हणतील या भीतीखाली गेले होते. त्यावर काल मी शिक्का मारून दिला होता, लाडवांकडे बघत. स्वतःचा असा संताप मला फार दिवसांत आला नव्हता.

तशीच तणतणत स्वयंपाकघरात गेले. शैलाताई गुळपोळ्या लाटत होत्या.

"शैलाताई, पोळीची कड नीट दाबली नाही तर काय होतं?"

"गूळ बाहेर येते. तवा खराब होते. काहून?"

"बाळाचा डोळा सुरुवातीला वाटीसारखा असतो. वाटीला खालून एक फट असते. मग त्या फटीच्या दोन्ही कडा जवळ येतात आणि चिकटतात. पोथीतली कुठली पानं कधी उघडायची, कधी मिटायची, त्यात जरा मागंपुढं झालं की कड एखाद्या ठिकाणी चिकटायची राहते. तेवढंच रेवाचं झालंय. पण ही कड दिवस राहिल्यावर दुसऱ्या महिन्यातच चिकटते. पाचव्या महिन्यात पोळी भाजून डब्यात गेलेली असते. मग शेजारी कुणी बिही चिरली म्हणून डब्यातल्या पोळीची कड उघडते का?"

लाटणं थांबलं. बाई हुशार. त्यांना ते लगेच कळलं, हे मी त्यांच्या चेहऱ्यावर बघितलं आणि मनातल्या मनात माझी पाठ थोपटली. शैलाताई बोटांच्या पेरांवर महिने मोजू लागल्या.

"कोजागिरीले पाचवा. मंग दुसरा म्हणजे अधिक श्रावण!" त्यांचे डोळे चमकले. "अवं बाई! तवा तर ती धोंड्याच्या जेवणाले माहेरी गेली होती. बिलासपूरले! तरी मी म्हणून राहिली होती, काय खाऊ घातलं असंन त्यायनं."

मी कपाळावर हात मारला. आगीतून निघून फुफाट्यात! बिही सुटली आणि बिलासपूर अडकलं.

"माहेरचं काही नाही! पल्लवीचं काही नाही. कुणी काही केलेलं नाही!"

"मंग झालं कायले?"

"मला माहीत नाही."

शैलाताईंनी लाटणं खाली ठेवलं. "एवढ्या दुरून इमानाचं तिकीट काढून बोलावलं तुमाले, आन् तुमाले माहीत नाही?"

मी म्हटलं, "नाही माहीत. पण डोळ्याच्या डॉक्टरला दाखवलं तर काही तरी कळेल. उद्याच दाखवा."

"बोरन्हाण झालं की पाहू," दारातून मुकुंदराव म्हणाले. त्यांनी सगळं ऐकलं होतं, आणि चेहरा पडला होता. "मंडळातले सगळे येऊन राहिले मॅडम. सचिवाच्या घरातलं..."

मला या मंडळाची एक खोड एव्हाना कळली होती. घरात पाहुणा असला की त्याचे "दोन शब्द" झाल्याशिवाय यांचं बारसं होत नाही की बारावं होत नाही. बोरन्हाणाच्या निमंत्रणावरही माझं नाव "दोन शब्द" म्हणून आधीच गेलेलं.

"ठीक आहे," मी म्हटलं. "मग माझेही दोन शब्द होणार नाहीत. मी उद्याच निघते."

मुकुंदरावांचा जीव वरखाली झाला. "असं कसं मॅडम? लोकाईले काय सांगू?"

"ते तुम्ही सोपं करून सांगा."

डोळ्यांच्या डॉक्टरकडे

सकाळी सगळी वरात निघाली. अनुराग रात्रपाळी करून बीरगांवच्या बाजूनं परस्पर आला, बुटांवर कारखान्याची काळी धूळ घेऊन. पल्लवीनं गाडीत पोरीला इतकं घट्ट धरलं होतं की शेवटी पोरगीच कुरकुरली.

डॉक्टरीण तरुण होती आणि वैतागलेली होती. "इतने महीने क्या कर रहे थे आप लोग?" असं तिनं सगळ्यांकडे बघून विचारलं. सगळे माझ्याकडे बघू लागले. औषध घातलं, वाट बघितली, रेवानं रडून दवाखाना डोक्यावर घेतला. मग ती डॉक्टरीण कपाळावरचा दिवा लावून बराच वेळ वाकून बघत राहिली. पल्लवीनं माझा हात धरला होता. तिची नखं रुतत होती.

"पर्दे में भी है," ती शेवटी म्हणाली. "नीचे की तरफ. लेकिन बीच का हिस्सा बचा हुआ है. देख लेगी बच्ची. चष्मा लगेगा, और हर कुछ महीने में मुझे दिखाना है. ऊपर की तरफ थोड़ा कम दिखेगा, बस."

पल्लवी तेव्हा रडली. अनुराग तिच्या पाठीवर हात ठेवून नुसता "हो गया, हो गया" म्हणत राहिला.

"घर में और किसी को है क्या?" डॉक्टरनं विचारलं. "कई बार बाहर से दिखता नहीं, सिर्फ अंदर होता है. सबकी आँखें देखनी पड़ेंगी."

"आमच्या घरात असलं काही नाही," मुकुंदराव ताठ बसून म्हणाले. "पहिले माझेच पाहा." हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

पल्लवीच्या डोळ्यांत काही नव्हतं. अनुरागच्या पडद्यात खाली बारीकशी फट होती, त्याच्या गावीही नसलेली. मुकुंदरावांच्या डोळ्यांत डॉक्टरीण वाकली ती वाकलीच. मग सरळ होऊन म्हणाली, "अंकल, ऊपर लटकी हुई चीज़ें सिर में लगती हैं क्या आपको?"

मला फ्लेक्सचा बांबू आठवला, सराफाची घंटी आठवली. साठी उलटेपर्यंत हा माणूस "ध्यान नसते माझं" म्हणत कपाळ चोळत आला होता.

"आपमें भी वही है, काफी बड़ा," डॉक्टर म्हणाली. "लगता है खानदानी है. आपसे बेटे में, बेटे से पोती में. किसी की गलती नहीं है."

मुकुंदरावांचा हात सवयीनं कपाळाकडे गेला. शैलाताई त्यांच्याकडे टक लावून बघत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावरून काय काय सरकत गेलं देव जाणे. मग एकदम म्हणाल्या, "काहो, सासूबाईनं काय चिरलं होतं?"

पहिल्यांदा हसली ती पल्लवी. रडता रडताच. मग अनुराग, मग मी, आणि ती वैतागलेली डॉक्टरीणसुद्धा, काय झालं ते न कळता.

बोरन्हाण

रेवाला काळं झबलं, हलव्याचे दागिने, पायात सदर बाजारातले वाळे. डोक्यावर टोपडं नाही, डोळ्यांत काजळ नाही. बोरं, उसाचे करवे, चुरमुरे तिच्या डोक्यावरून ओतले आणि सगळ्या मोहल्ल्यातली पोरं ते वेचायला तुटून पडली. बायका पुढे झाल्या, वाकल्या, आणि एकेकीचं हसू मध्येच थांबलं. एक जण दुसरीच्या कानाशी लागली. पल्लवी पोरीला धरून उभी होती, मान वर, ओठ मिटलेले. ग्रुपवरची ती बातमी सगळ्यांनी वाचलेली होती.

"आता मॅडमचे दोन शब्द," कुणी तरी म्हणालं.

मी तयारीत होते. गुळपोळीपासून सगळं सांगायचं ठरवलं होतं, आणि त्या दिवशीचं माझं "हो" आधी परत घ्यायचं होतं. उभी राहिले, तेवढ्यात मुकुंदराव उठले आणि त्यांनी मला हातानंच खाली बसवलं. पल्लवीकडे गेले, रेवाला तिच्याकडून कडेवर घेतलं आणि बायकांच्या पुढ्यात आणून उभे राहिले.

"पाहून घ्या सगळ्याजणी, नीट," ते म्हणाले. "डोळे माझ्यावर गेले हिचे. माझ्यातबी हेच आहे. काल कळलं. मी जे ग्रुपवर टाकलं ते खोटं आहे. मॅडमचं नाही, माझं. सुनेनं माझ्या काहीच केलं नाही."

तेवढ्यात शैलाताई आतून ताट घेऊन आल्या. ताटात हिरव्यागार बिही, मीठ-तिखटाची वाटी आणि सुरी. त्यांनी ते पल्लवीपुढे ठेवलं. "चीर वो पोरी. मॅडमनं अजून आमच्या इथली बिही खाल्ली नाही," असं म्हणून बाई लगबगीनं दुसरीकडे वळल्या. माफीबिफी काही नाही. पल्लवी सुरी हातात घेऊन क्षणभर नुसती बघत राहिली. मग बसली आणि चिरू लागली. फोडी आतून लाल होत्या. माझे दोन शब्द राहिले ते राहिलेच, आणि कुणालाही त्यांची आठवण झाली नाही.

मुकुंदराव नातीला बाहेरच्या उन्हात न्यायला दाराकडे निघाले. ती त्यांच्या कानाशी खेळत होती. दाराला संक्रांतीचं नवं तोरण लावलेलं, जरा खालीच आलेलं. ते त्या आजोबाला दिसणार नव्हतं आणि नातीलाही दिसणार नव्हतं. दोघं आपल्याच नादात सरळ चाललेले. पल्लवीनं हातातली सुरी टाकली, धावत पुढे गेली, आणि ती दोघं खालून जाईपर्यंत तोरण हातानं वर धरून उभी राहिली.